दुर्मीळ झाडं बदलत्या हवामानाला सरावतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळाभर बिया गोळा करत हिंडायचं आणि पहिल्या दमदार पावसानंतर रोपं वाटायची, असा आमचा पुण्यातल्या चार-सहा जणांचा उद्योग आहे. रोपं वाटताना प्रश्न येतातच. पूर्वी 'किती उंच वाढेल, पाणी किती लागेल' एवढंच असायचं. हल्ली 'हे झाड पन्नास वर्षांनी इथे टिकेल का' असं विचारणारेही भेटतात. टेबलापाशी उभ्याउभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पान.

आमच्या सोसायटीतला बहावा यंदा फेब्रुवारीतच फुलला. म्हणजे झाडं जुळवून घेतायत ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहावा लवकर फुलला असेल, पण त्याची जनुकं गेल्या वर्षी होती तीच आहेत. ऊन लवकर तापलं, त्याने लवकर प्रतिसाद दिला. आपण उन्हाळ्यात सुती कपडे घालतो, त्याने आपलं रक्त बदलत नाही, तसंच हे. या लवचीकपणाला मर्यादा असते. शिवाय तो दरवेळी फायद्याचा असतो असंही नाही. फुलं आली आणि त्यांना भेट देणारे भुंगे अजून बाहेरच पडले नसले, तर त्या फुलोऱ्याचा झाडाला उपयोग काय?

जनुकीय अनुकूलन एका झाडात होत नाही, ते पिढ्यांमध्ये होतं. हजार बिया रुजल्या, कडक उन्हाळ्यात त्यातली नऊशे नव्वद रोपं वाळली आणि दहा तगली. ती दहा निव्वळ नशिबाने न तगता अंगच्या एखाद्या गुणाने तगली असतील, मुळं लवकर खोल जाणं म्हणा, पानं आधी गाळून पाणी वाचवणं म्हणा, तर पुढच्या पिढीत त्या गुणाचं प्रमाण वाढतं. सगळं एवढंच आहे. यात मरणाऱ्या नऊशे नव्वदांचा वाटा मोठा असतो, आणि दुर्मीळ झाडांची गोष्ट नेमकी तिथे अडते.

अडते म्हणजे कशी?

मरायला माणसंच, म्हणजे झाडंच, पुरेशी नसतात.

इंग्लंडमधलं एक ताजं उदाहरण बघा. तिथे २०१२मध्ये 'अ‍ॅश' नावाच्या झाडावर बुरशीचा घातक रोग आढळला. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरे परगण्यातल्या एका रानातली नवी पिढी जुन्या झाडांपेक्षा या रोगाला जनुकीयदृष्ट्या थोडी जास्त तोंड देते आहे असं दिसलं. बदल एखाद्या जादूच्या जनुकात नव्हता, जनुकसंचात हजारो ठिकाणी थोडा थोडा होता. पण अ‍ॅश तिकडे आपल्या बाभळीइतका सरसकट. लाखो रोपं उगवतात, लाखो मरतात, त्यातून निवड होते. आपल्याकडच्या एखाद्या झाडाची सगळी मिळून दोन-तीनशे खोडं उरली असतील, तर त्याला एवढी किंमत मोजणं परवडणारंच नाही.

दुसरी अडचण अशी की, संख्या लहान झाली की कोणती जनुकं टिकणार हे गुणांपेक्षा योगायोग ठरवतो. चांगल्या गुणाचं झाड नेमकं रस्ता रुंदीकरणात गेलं, की तो गुणही गेला. तिसरी अडचण आपल्याला सांगायची गरज नाही, सगोत्र लग्नं का टाळतात ते घरोघरी माहीत आहे. आसपास सगळी भावकीच उरली की सोयरीक भावकीतच होते. बिया कमी धरतात, रोपं किरटी निघतात.

पण कमी विविधता असूनही काही झाडं टिकतात की. वोलेमी पाइनचं काय?

बरोबर, हे उदाहरण नेहमी कोणीतरी देतं. ऑस्ट्रेलियात १९९४मध्ये सापडलेलं हे झाड, रानातली मोठी खोडं शंभराच्याही आत आणि जनुकीय फरक जवळपास नाहीच. तरी ते फार मोठा काळ टिकलं, कारण ज्या खोल घळीत ते उभं आहे तिथली हवा फारशी बदलली नाही. २०१९-२०च्या वणव्यात मात्र त्याला वाचवायला हेलिकॉप्टरने अग्निशमनचे लोक उतरवावे लागले. घळ थंड आहे तोवर ठीक, असा तो मामला आहे. त्याला अनुकूलन म्हणता येणार नाही.

किती झाडं असली म्हणजे पुरे?

जनुकशास्त्रात ५० आणि ५०० हे आकडे १९८०पासून चालत आलेत. सगोत्र प्रजननाचे तातडीचे दुष्परिणाम टाळायला किमान ५०, आणि पुढे बदलत राहण्याची कुवत टिकवायला ५००. पण हे डोकी मोजून काढायचे आकडे नव्हेत. प्रत्यक्षात वंश पुढे नेणाऱ्यांचा तो हिशोब आहे. रानात फुलणारी, फळणारी आणि ज्यांची रोपं जगतात अशी झाडं थोडीच असतात, त्यामुळे ५०० 'परिणामकारक' झाडांसाठी ढोबळमानाने पाच हजार मोठी झाडं लागतात असं धरतात. २०२२ साली मॉन्ट्रियलमध्ये जैवविविधतेचा जागतिक करार झाला, त्याच्या प्रगतीच्या मोजमापात हा ५००चा निकष आहे.

आता सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेच्या रानजायफळांच्या दलदलीकडे बघा. बारमाही झऱ्याच्या पाण्यात गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असलेली ही झाडं, आणि रान केवढं, तर चालत थोड्या वेळात पार करता येईल एवढं. ५,००० हा आकडा इथे कुठे बसवणार? या दलदलीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय हे उत्तमच झालं. पण झरा आटला तर दर्जा काय करणार, हा प्रश्न उरतोच.

झाडं शेकडो वर्षं जगतात. मग त्यांना वेळ भरपूर आहे, नाही का?

उलट आहे. जास्त जगणं म्हणजे पिढ्या कमी. ज्वारीच्या शंभर पिढ्या शंभर वर्षांत होतात, एखाद्या रानझाडाच्या तेवढ्याच काळात तीन-चार. आज देवराईत उभा असलेला वृक्ष ज्या हवेत रुजला ती हवा आता नाही.

कॅलिफोर्नियातल्या एका ओकवर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. ठिकठिकाणचं बी आणून एकत्र वाढवलं, तर बहुतेक रोपं स्वतःच्या गावच्या हवेपेक्षा थंड हवेत जास्त चांगली वाढली. म्हणजे त्यांची जनुकं अजून हिमयुगातल्या गारव्याचीच सवय धरून आहेत. हवामानबदल सुरू व्हायच्या आधीच ती मागे पडलेली होती. आपल्या सह्याद्रीतल्या झाडांचं असं काही मागे पडणं आहे का, हे त्यांना शेजारी शेजारी लावून वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळणार नाही.

झाडांना एक सोय मात्र आहे. नॉर्वेत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बाबतीत असं दिसलं की बी धरताना हवा उबदार असली, तर त्या बीची रोपं थंडीसाठी कळ्या मिटायला उशीर करतात. जनुकं तीच, पण आईच्या अंगावर पडलेल्या उन्हाची आठवण लेकराला राहते. ही आठवण किती पिढ्या पुरते, हे झाडागणिक वेगळं असावं.

पुण्यात बसून आपण हे कुठे बघू शकतो?

पुण्याइतकी सोयीची जागा क्वचित असेल. शिवाजीनगरला वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस. गाडी काढून पौडवरून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीला जा, साठ किलोमीटरच्या आत पाऊस पाच हजाराच्या पुढे जातो. वाटेत काटेरी माळ, पानझडी रान, निमसदाहरित रान असं सगळं ओळीने लागतं. आणि काही झाडं या पूर्ण पट्ट्यात भेटतात. उंबर दोन्हीकडे आहे, जांभूळ दोन्हीकडे आहे, बिबला आहे.

प्रश्न असा की ताम्हिणीचं जांभूळ आणि पुण्याच्या टेकडीवरचं जांभूळ अंगाने एकच आहे का? एका जागी लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अशा चाचण्यांचा दाखला द्यायचा तर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा देतात. १९७४मध्ये तिथे एका पाइनच्या १४० ठिकाणच्या बिया ६० जागी लावल्या. त्या वाढीच्या नोंदींवरून आज तिथलं वनखातं कुठलं बी कुठे न्यायचं हे ठरवतं. लावणाऱ्यांना तेव्हा हवामानबदल डोळ्यांसमोर नव्हता, लाकूड जास्त कुठे मिळेल एवढंच पाहायचं होतं.

जांभळाबद्दल जाता जाता एक गंमत. त्याची एक बी लावली तर कधी कधी दोन-तीन कोंब येतात. त्यातले काही कोंब फलनाशिवाय, थेट आईच्या पेशींपासून झालेले असतात, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. रोपवाटिकेत शंभर रोपं दिसतात, पण ती शंभर वेगळी असतीलच असं नाही.

गरम वाढलं तर झाडं डोंगरावर सरकतील, असं वाचलं. खरं का?

दर १०० मीटर चढाला साधारण ०.६५ अंशाने गारवा वाढतो, त्यामुळे कल्पना बरोबर आहे. पण सह्याद्री म्हणजे हिमालय नव्हे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर, तिथून पुढे आकाश. महाबळेश्वरच्या पठारावरच्या अंजनीला वर जायला जागाच नाही.

आणि सरकणार कोणाच्या पायांनी? धनेश, हरियाल, वटवाघळं ही झाडांची वाहनं. मोठ्या बियांच्या झाडांचं बी धनेशाशिवाय फार लांब जात नाही. धनेश उतरला नाही तर फळ आईच्या पायाशीच पडतं.

देवराया आहेत ना आपल्याकडे. तिथे तर सगळं सुरक्षित असेल.

आहेत, आणि त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधण्यात पुण्याचा हात मोठा आहे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या भागातल्या देवरायांचा अभ्यास केला. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे इथल्या कित्येक देवराया आजही उभ्या आहेत, आणि काही झाडं आज फक्त त्यांच्यातच भेटतात.

पण जनुकांच्या अंगाने पाहिलं तर देवराई बहुधा एक बेट असते. भोवती भातखाचरं, फार्महाऊसचे प्लॉट, उघडा डोंगर. दोन-अडीचशे वर्षांचा वृक्ष ज्या काळी जन्मला तेव्हा रान सलग होतं, त्याचे आईबाप दूरदूरचे होते, म्हणून तो वृक्ष जनुकीयदृष्ट्या श्रीमंत असतो. त्याच्या सावलीतलं गुडघाभर रोप त्या तुटलेल्या बेटाचं अपत्य आहे. वरून देवराई हिरवीगार दिसते, घसरण खालच्या रोपांमध्ये सुरू झालेली असते. म्हणून देवराईत गेलात तर वरच बघू नका. महावृक्षाखाली त्याचीच लहान रोपं आहेत का, ते वाकून बघा. कित्येकदा नसतात. मंदिराचा जीर्णोद्धार म्हणून फरशी घातलेली असते.

नरक्या हे झाड इतकं चर्चेत का असतं?

कारण त्याच्यावर दोन बाजूंनी मार आहे. १९६६मध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मन्सुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. कर्करोगावरची टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं त्यापासून निघाली. पुढे तेच रसायन आपल्या नरक्यात भरपूर सापडलं आणि सह्याद्रीत तोड सुरू झाली. तोडणारा बारकं झाड सोडतो, जाडजूड नेतो. म्हणजे फुलण्याफळण्याच्या वयाची पिढीच कापली जाते. हवामानाने निवड करायच्या आधी कोयत्याने केली, आणि कोयत्याची निवड उलटी असते.

मग आपण बी कुठून आणावं? 'स्थानिक बीच लावा' असं सगळे सांगतात.

यावर आमच्यातही एकमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'स्थानिक तेच उत्तम' या नियमामागे तर्क आहे. इथल्या मातीत पिढ्यानपिढ्या तगलेलं बी इथे तगेल. पण हवाच बदलत असेल तर 'इथलं' म्हणजे कधीचं इथलं? पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७च्या अभ्यासानुसार, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पुण्याला पाऊस आता चार महिने रिमझिमत नाही, मधेच तीन आठवडे ओढ देतो आणि मग एका दुपारी रस्त्यांचे ओढे करतो. अशा वेळी पुण्याच्या टेकडीवर लावायचं बिबल्याचं काही बी जास्त कोरड्या, तापत्या भागातून, म्हणजे मराठवाड्याच्या किंवा खानदेशच्या रानातून आणावं का? जगात या दिशेने विचार चाललाय. बहुतेक बी जवळचं, थोडं गरम भागातलं, असं मिश्रण लावायचं आणि निवड निसर्गावर सोडायची.

धोकाही आहे. फार लांबच्या दोन घराण्यांची सोयरीक कधी कधी फसते, संकराला ना इकडचं कौशल्य ना तिकडचं. म्हणून माझं मत असं की बिबला, हिरडा, सालई अशा सर्वदूर पसरलेल्या झाडांत असं मिश्रण करून पाहायला हरकत नाही. जी प्रजाती दोन-तीन ठिकाणीच उरली आहे तिच्यात हौशी लोकांनी हात घालू नये. तिथे आधी जनुकांची तपासणी, मग बाकीचं.

किती झाडांचं बी घ्यायचं?

जमेल तितक्या. पन्नास असंबंधित झाडं मिळाली तर त्या वस्तीतली बहुतेक सर्वसाधारण जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाचे वेगवेगळे नमुने, हाती येतात. दुर्मीळ झाडांत पन्नास कुठली, पण दहा मिळाली तरी एकापेक्षा बरी. दोन झाडांमध्ये शंभरेक मीटर अंतर असावं, शेजारची झाडं बहुधा भावंडं असतात.

आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी भोरकडे एका ओढ्याकाठी टेटूचं झाड सापडलं. तलवारीसारख्या लांब, काळपट शेंगा लटकलेल्या. आनंदाच्या भरात चार शेंगा आणल्या. घरी पहिली शेंग उलगडली तेव्हा पंखा चालू होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पंख असलेल्या बिया सगळ्या स्वयंपाकघरात उडाल्या, दोन दिवस फ्रीजमागून वेचत होतो. उगवण झकास झाली, काळ्या पिशव्यांच्या रांगा लागल्या, आणि सगळीच्या सगळी रोपं आम्ही एकाच टेकडीच्या उतारावर लावली. वर फोटोही टाकले. नंतर एका वनस्पतिशास्त्राच्या जाणकार बाईंनी शांतपणे विचारलं, "आई किती?" आई एक. उद्या त्या उतारावर वटवाघळं येतील, टेटूच्या रात्री उमलणाऱ्या फुलांतून पराग इकडचा तिकडे नेतील, आणि सगळा बाजार भावंडांतच होईल. आता दरवर्षी वेगळ्या खोऱ्यातली चार-पाच रोपं त्यात घुसवतो आहोत.

नर्सरीतून आणलेला सीताअशोक चालेल?

शोभेला चालेल. आधी तो सीताअशोक आहे ना ते बघा, उंच शेंड्याचा आसुपालव 'अशोक' म्हणून सर्रास विकला जातो. खरा सीताअशोक रानात 'असुरक्षित' वर्गात मोडतो, साल अशोकारिष्टासाठी ओरबाडली जाते. नर्सरीतली रोपं बहुधा बागेतल्या दोन-चार झाडांचीच लेकरं असतात. त्यामुळे बागेत लावा, देवराईत नेऊन लावू नका.

तोडायच्या झाडाचं पुनर्रोपण केलं तर त्याची जनुकं वाचली ना?

जगलं तर वाचली. पण मुळं छाटून, फांद्या बोडक्या करून हलवलेला म्हातारा वृक्ष तीन उन्हाळे काढतो का ते पाहून मगच बोलावं. रस्त्याकडेच्या अशा ओळी आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यापेक्षा हलवण्याआधीच्या मोसमात त्याचं बी आणि फांद्यांच्या काड्या घ्याव्यात. पन्नास वर्षांवरच्या झाडांना राज्याच्या कायद्यात २०२१पासून 'वारसा वृक्ष' म्हणतात. त्या प्रक्रियेत बी गोळा करण्याचीही एक अट घालावी, असं आमचं जुनं मागणं आहे.

बीजगोळे, म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे, टाकले तर?

मुलांना मजा येते. दुर्मीळ झाडांचं बी त्यात वाया घालवू नका, बहुतेक गोळे मुंग्यांना आणि उन्हाला जातात.

बिया साठवून ठेवता येत नाहीत का, बँकेत ठेवतात तशा?

बहाव्याच्या येतात, बाभळीच्या येतात. सदाहरित रानातल्या पुष्कळ झाडांच्या नाही. रानजायफळ, जांभूळ यांचं बी वाळवलं की मरतं. पावसाच्या तोंडावर पिकायचं आणि ओल्या मातीत लगेच रुजायचं, अशीच त्यांची रीत आहे. पाऊस वेळेवर येणार हे त्यांच्या जनुकांनी गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे मान्सूनने ओढ दिली की या झाडांची त्या वर्षीची पिढी जाते. त्यांची 'बँक' म्हणजे जिवंत झाडंच. पुण्यात गणेशखिंडची १८७३ची बाग आहे, ती आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. अशा बागांमध्ये जुनी खोडं जपली जातात, त्याचं मोल इथे कळतं.

प्रयोगशाळेत जनुकं बदलून उष्णता सोसणारी झाडं नाही का करता येणार?

उष्णता सोसणं हा एका जनुकाचा गुण नाही. शेकडो-हजारो जागी थोडाथोडा फरक असतो, वर अ‍ॅशचं सांगितलं तसंच. एक जागा बदलून फार काही हाती लागत नाही. जनुकं वाचण्याचं तंत्र मात्र फार कामाचं आहे, एका पानाच्या तुकड्यावरून दोन झाडं नात्यातली आहेत का ते कळतं.

वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडिया भरलाय. तो काढून दुर्मीळ झाडं लावावीत का?

ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतला. त्याच्याखाली फारसं काही येत नाही हे खरं. पण टेकडी हे मुळात विरळ, गवताळ, उघडं रान. तिथे ताम्हिणीतली झाडं लावून 'दुर्मीळ वन' करायचा अट्टहास नको. सालई, मोई, मेडशिंगी, वारस, गणेर ही टेकडीची माणसं. त्यांचंच बी वेगवेगळ्या टेकड्यांवरून आणा.

आमच्याकडे एकाच झाडाची जागा आहे. एक झाड लावून काय होणार?

एकट्या झाडाला सोयरीक हवी, ती शेजारच्या गल्लीत असली तरी चालते, भुंगे आणि वटवाघळं सोसायटीची भिंत मानत नाहीत. म्हणून आसपास कोणी काय लावलंय ते विचारा आणि त्याच झाडाचं दुसऱ्या आईचं रोप लावा.

तुमच्याकडून रोपं कधी मिळतील?

जूनच्या अखेरीस, पाऊस लागला की. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी बांधलेली असते. झाडाचं नाव, कुठल्या खोऱ्यातलं बी, आईचा क्रमांक आणि बी वेचल्याचा महिना. रोप लावल्यावर ती चिठ्ठी टाकून देऊ नका. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरून झाडाशेजारी पुरून ठेवा, शाई दोन पावसांत जाते.